पाटावरचा चाकू

संपत, तुझा चाकू कालपर्यंत पाटावरच पडून होता. त्याच्यावरचं हळदकुंकू वाळून त्याचे पोपडे झाले होते, झेंडूचं फूल काळं पडलं होतं. शेजारी विळे, खुरपी, कुऱ्हाड, उसाचे कोयते, घरचं सगळं लोखंड ओळीनं तसंच निजलेलं. दसऱ्याला सकाळी उचलायचं ते. पण दसऱ्याला तुमच्या घरात सुतक होतं, आणि सुतकात पूजा हलवणार कोण? येणारा-जाणारा त्या कोपऱ्याकडं न बघता पुढं जायचा. मीसुद्धा तेच करायचो.

दोन-चार दिवसांआड मी सांगलीहून येत होतो. एसटीनं कडेगाव, तिथून तुझ्या वस्तीपर्यंत पायी. हळदीची पेढी धाकट्या भावावर टाकली होती. लोक म्हणायचे, शेटचा मित्रावर लय जीव. जीव होताच, पण मला ओढून आणत होती ती भीती. तुझी आई, बोर्डिंगातल्या दिवसांपासून मीही जिला आक्काच म्हणत आलो, माझ्याकडं बघायची आणि तोंड फिरवायची. ती मला एक गोष्ट विचारणार, हे मला पहिल्याच दिवशी उमगलं होतं. विचारलं तर काय सांगायचं, हे मात्र कळत नव्हतं. आणि ज्याला जाऊन विचारावं तो तूच निघून गेलास. वाद अर्धा टाकून उठायची तुझी खोड जुनीच आहे.

हा चाकू आपण औंधला घेतला. लढाईनंतरच्या वर्षी तू लष्करातून सुटून आलास, डावा कान कायमचा गमावून. पौषात यमाईच्या जत्रेला चल म्हणालास. मला वाटलं, देवदर्शन असेल. देवीला नारळ वाढवला आणि तू थेट घिसाड्याच्या पालावर जाऊन उकिडवा बसलास. त्यानं पोत्यावर चाकू मांडले होते. तू एक-एक उघडून मिटायचास, उजव्या कानाशी नेऊन पुन्हा उघडायचास, आणि खाली ठेवायचास. त्याच्या बायकोनं भाकरी थापली, भाजली, पोरांना वाढली, तरी तुझं चाललेलंच. मी वैतागलो. म्हटलं, "अरं, चाकू घ्यायला आलायस का पोरगी बघायला?"

"पोरगी बघायला इतका येळ लागत न्हाई," तू म्हणालास. "समदी पात्याकडं बघत्यात. पातं काय, घासलं की लागतंय. बघायची ती बिजागरी. उघडल्यावर डुलला न्हाई पायजे."

एक खटक्याचा चाकू होता. बटण दाबलं की सटकन पातं बाहेर. मी तो उचलला, तसा तू तो मला खाली ठेवायला लावलास. खटक्याचा चाकू माणसाला दाखवायला असतो, कामाला नाही, असं तुझं म्हणणं. पातं चार बोटांपेक्षा लांब नको. पातं धरणारी कमान इतकी ताठ हवी की मिटताना अंगठ्याला कळलं पाहिजे. मुठीला दोरी ओवायला भोक हवंच. शेवटी एकाच काळ्या शिंगातून काढलेल्या मुठींचे, पितळी खिळ्यांचे दोन चाकू तू निवडलेस. एक तुला, जरा थोरला. एक मला.

"मला काय करायचाय?" मी म्हणालो. "आमच्यात मुंगी मारत न्हाईत."

"मुंगी मारायला कोण सांगतंय? पोत्याची सुतळी दातानं तोडतोस, त्येला दे जरा इसावा."

तू तो माझ्या हातात दिला नाहीस. दगडावर ठेवलास आणि म्हणालास, उचल. धारेची वस्तू हातात दिली की भांडण होतं, हे तुमच्यात तसं आमच्यातही पाळतात. त्या दिवसापासून तू मला चाकू दिलास तो नेहमी खाली ठेवून. बांधावर, पोत्यावर, एसटीच्या बाकावर. भांडणं झाली ती झालीच म्हणा.

मी माझा कोटाच्या खिशात टाकायचो आणि खिसा फाटायचा. तू करदोड्याला हिरव्या लष्करी दोरीनं बांधून टाकलास. मग तो तुझ्या अंगाचाच झाला. आंघोळीला विहिरीत उडी मारलीस तरी कमरेला चाकू. त्यानं तू ऊस सोलायचास, सुपारी कातरायचास, बैलाच्या खुरातला खडा काढायचास. माझ्या तळपायात बाभळीचा काटा मोडला, तेव्हा मी डोळे मिटून शिव्या घालत होतो आणि तू काटा कधी काढलास ते कळलंही नाही. वर रुईचा चीक लावलास. "लगनात लिंबूबी ह्याच चाकूला टोचणार," असं म्हणत दरसाल लग्न पुढं ढकलत राहिलास. आक्का कपाळाला हात लावायची.

मी मात्र तुझ्या चाकूनं कापलेला पेरू खायचो नाही. त्यानं कांदा चिरतोस, आणखी काय काय चिरत असशील, देव जाणे. तू मुकाट्यानं पेरू माझ्यापुढं ठेवायचास, मी माझा चाकू काढायचो. आता गेल्या आठवड्यात आक्का सहज बोलून गेली. म्हणाली, "बोकडाला त्येनं ह्यो चाकू कवा लावला न्हाई. त्येच्यासाठी येगळी सुरी हुती. कांदाबी इळीवरच चिरायचा. म्हनायचा, भुपाल कवातरी खाईल माझ्या हातचा पेरू." इतकी वर्षं तू हे मला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर खाल्ला असता रे. मी सोप्यात बसून रडलो, आणि आक्काला वाटलं की आपण काहीतरी चुकीचं बोललो.

आता तो वाद. कवठे महांकाळचा.

तुझ्या पलटणीतला दगडू तिकडचा. लढाईत गेला. त्याच्या आईला भेटायला जायचं तू दोन वर्षं टाळत होतास. शेवटी मला बरोबर घेतलंस. उन्हाळा होता. तिकडं कोरडवाहू रान, जमीन फुटलेली, हिरवं म्हणून कुठं दिसत नव्हतं. म्हातारीनं गूळपाणी दिलं. बराच वेळ पावसापाण्याचं बोलली. मग पदर सारखा करत तिनं विचारलं, "लय तरास झाला का रं त्येला?"

"न्हाई, मावशी," तू म्हणालास. "गोळी लागली आन् लगीच गेला. त्येला कळलंबी न्हाई."

तिनं डोळे पुसले आणि आपल्याला जेवून जा म्हणाली. तू जेवलास. दोनदा भाकरी मागून घेतलीस.

एसटीच्या थांब्यावर बाभळीखाली तू मला खरं काय ते सांगितलंस. गोळी नव्हती. पूर्वेकडची नदी होती. पलीकडं जाताना होडी उलटली आणि सामानाच्या दोरात त्याचा पाय अडकला. तू त्याचा खांदा धरून होतास. तो वर यायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा खाली जायचा. "बराच येळ चाललं," तू म्हणालास. "माझ्या कमरंला चाकू न्हवता, भुपाल. पिशवीत हुता. पिशवी वाहून गेलेली."

त्या दिवशी मला कळलं, की तू विहिरीतसुद्धा चाकू का काढत नाहीस. पण मी कसला गप्प बसतोय. मी तुझ्यावर चढलोच. आईला खोटं सांगायचं? पोटच्या पोराचं मरण कसं आलं हे जाणायचा तिला हक्क नाही? तू कोण ठरवणार? मी आमच्या व्रतांची नावं घेतली. मुनिमहाराजांचं प्रवचन ऐकवलं. तू बाभळीची काडी सोलत होतास, मन लावून, वरची साल काढून आतला पांढरा भाग दिसेपर्यंत.

"तुझं खरं लय चांगलं हाय, शेट," तू म्हणालास. "पर त्ये तुझ्यापाशीच ठेव. कुन्या आईला उत्तर द्यायची पाळी तुझ्यावर आली म्हंजी बघू."

एसटी आली आणि तू उठलास. वाद तिथंच राहिला. नंतर कितीदा तो काढायचा म्हटलं, तू बहिरा कान पुढं करायचास. मला तुझं ते बोलणं शापासारखं वाटायचं. तू शाप देणाऱ्यातला नव्हतास, हे ठाऊक असूनही वाटायचं.

आणि आपलं दुसरं भांडण, दरसालचं, खंडेनवमीचं. त्या दिवशी राबणारं सगळं लोखंड धुऊन पाटावर मांडायचं, पुजायचं, दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही. गावात कुणी भाजी चिरत नाही. मी दसऱ्याला आदल्या दिवशीच यायचो, आणि तू मलाही माझा चाकू पाटावर ठेवायला लावायचास. मग मी मुद्दाम पेरू घेऊन पूजेकडं जायचो, हात पुढं करायचो, आणि आक्का "आवं, ह्येला धरा कुनीतरी," म्हणत मला हाकलायची. दरसाल हसायची. दरसाल मी तुला तेच म्हणायचो, "वर्षभर पाण्यातबी काढत न्हाईस, आन् आजच काढतोस? अडचण काय तिथी बघून येती व्हय?"

"जे वरीसभर राबतंय त्येला एक दिस इसावा नको?" तू म्हणायचास.  त्या बोलण्याचा मला आजही राग येतो.

या खंडेनवमीला सकाळपासून तुझा हात सारखा कमरेकडं जात होता. चाचपायचास, हसायचास. "हलकं हलकं वाटतंय गड्या," म्हणालास. "उघड्यावर आल्यावानी." मी म्हटलं, जा मग, बांध परत. तू जीभ चावलीस. देवाचं दिलेलं परत घेतात होय?

उन्हं चढली तसे आपण बांधावर आलो. बैल मोकळे सोडले होते. तुझा तो हौशा, नवा, अंगानं दांडगा, डोक्यानं पोरकट. विहिरीच्या कडेचं गवत कोवळं होतं. मी तुला सांगत होतो, की यंदा हळदीला भाव बरा लागेल. माती सुटल्याचा आवाज आला आणि मग पाण्याचा. बैल आत गेला होता, कासऱ्यासकट.

तू धोतर सोडलंस आणि उडी मारलीस. मला पोहता येत नाही हे तुला ठाऊक. शेजारच्या रानातला महादू धावत आला, त्यानं वरून सोलाचा जाड दोर सोडला. बैलाच्या पोटाखालून सोल घ्यायचा आणि चौघांनी ओढायचं, एवढंच काम. तू दोनदा पोटाखालून गेलास. तिसऱ्यांदा वर आलास ते हनुवटीपर्यंतच. मी कडेला पालथा पडून बघत होतो. पंपाच्या पाइपाला कासऱ्याचा वेढा बसला होता आणि त्याच वेढ्यात तुझा पाय. बैल झटका मारायचा आणि तू खाली जायचास.

पाण्यात तुझा हात कमरेकडं गेला. मी तो बघितला, संपत. करदोडा धरून दोन बोटं पुढं सरकली, मागं सरकली. मग तू माझ्याकडं वर बघितलंस.

"चाकू," म्हणालास. "भुपाल, चाकू आन."

मी महादूकडं बघितलं. त्याच्या कमरेला विळा नव्हता. कुणाच्याच नव्हता. गावाचं सगळं लोखंड त्या दिवशी घरोघरी पाटावर निजलेलं होतं.

मी पळालो. विहीर ते घर, मधे एक आंबा आणि उसाचा फड. इतकं पळायची मला सवय नाही, पोट सुटलेलं. दारात आलो तेव्हा छातीत हवा नव्हती. आक्का उंबऱ्यात उभी होती, पूजेचं ताम्हन आत ठेवून आलेली. मी म्हटलं, "चाकू." एवढंच निघालं तोंडातून.

ती हसली. दोन्ही हात चौकटीला लावले आणि म्हणाली, "आलास का? आज न्हाई मिळायचा. उद्या ये."

मी मान हलवत होतो. ती अजून हसत होती. मग तिनं माझं तोंड नीट बघितलं आणि हात खाली आले. मी आत घुसलो. हाताला आला तो माझाच चाकू. परत पळालो.

परत आलो तेव्हा विहिरीत बैल एकटाच फुरफुरत होता. महादू पाण्यात उतरला होता. मी चाकू खाली टाकला, त्यानं बुडी मारून कासरा कापला. तुला वर आणलं. बैलालाही वर काढलं, सोल लावून, तू काढणार होतास तसाच. तो अजून गोठ्यात आहे. कडबा खातो. त्याच्याकडं बघवत नाही आणि त्याच्यावर रागही धरवत नाही.

त्यानंतर तुझ्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. लोक यायचे, बसायचे, जायचे. आक्का उंबऱ्यापाशी आली की थबकायची आणि चौकटीला अंग लागणार नाही अशी आत जायची. मी ते बघायचो. सोप्यात बसलो की तो पाट सरळ समोर यायचा, आणि माझा चाकू जिथं होता तिथली मोकळी जागा. तिथलं कुंकू विस्कटलेलं होतं. मला वाटायचं, आक्का आता विचारेल. पाण्याचा तांब्या ठेवायला आली की वाटायचं, आता. दिवा लावून वळली की वाटायचं, आता. रात्री सांगलीत घरी झोपेतसुद्धा मी उत्तरं जुळवत असायचो, आणि सकाळी एकही उत्तर टिकायचं नाही. आमच्या आईनं विचारलं, तुला झालंय काय. मी म्हटलं, काही नाही. तेही खोटंच होतं म्हणा.

कारण खरं काय ते मला माहीत नाही, संपत. ती दारात आडवी आली तो वेळ किती होता? हसण्याएवढा. त्या हसण्याएवढ्या वेळात तू गेलास, की मी आंब्यापाशी असतानाच गेला होतास, की मी कुत्र्यासारखा पळालो असतो तरी गेलाच असतास? महादूला विचारावं असं कितीदा मनात आलं. विचारलं नाही. उत्तर वाईट निघालं तर ते घेऊन मी आक्कापुढं कसा बसणार होतो?

काल तुझं तेरावं झालं. पाहुणे उठले. आक्का म्हणाली, "भुपाल, पूजा तूच उचल. आता दुसरं कोन उचलनार?" मी पाटापुढं बसलो. कुऱ्हाड उचलली, कोयते उचलले. विळ्यांवर गंजाचे ठिपके आले होते. तुझ्या चाकूपाशी हात थांबला. ती माझ्यामागं भिंतीला टेकून बसली होती.

"भुपाल," ती म्हणाली, "मी दारात उभी नसते, तर गावला असता का रं माझा संपा?"

माझी पाठ तिच्याकडं होती म्हणून बरं. मला बाभळ आठवली, तुझी सोललेली काडी आठवली. मुनिमहाराज आठवले नाहीत. मी वळलो आणि तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "न्हाई, आक्का. मी हिरीवरनं निघालो तवाच त्यो गेला हुता. तू थांबवलं नसतंस तरी काय झालं नसतं. त्येला कळलंबी न्हाई."

 चिमणीचा उजेड तिच्या तोंडावर होता. ती हळू म्हणाली, "दगडूच्या आईला त्यो असंच सांगून आलता. घरी आला, आन् दोन दिस जेवला न्हाई."

मला वाटलं होतं, तू फक्त मलाच सांगितलं होतंस.

"जेव तू," आक्का म्हणाली. "उपाशी जाऊ नगंस."

मग तिनं हात पुढं केला. मी तुझा चाकू तिच्यासमोर जमिनीवर ठेवायला वाकलो, सवयीनं. तिनं मान हलवली. "हातात दे."

"आक्का, हातात देत न्हाईत."

"भांडान झालं तर हुंदे. भांडायला तरी यीत जाशील."

मी दिला. तिनं पदरानं हळदकुंकू पुसलं, पातं उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बिजागरी डुलते का ते बघत होती, अगदी तुझ्यासारखी. हिरवी दोरी तिनं कमरेला नेसूत खोचली आणि चाकू आत सरकवला.

"पुढच्या खंडेनवमीला ये," म्हणाली. "समदं पुजू. पर ह्यो पाटावर बसायचा न्हाई."